स्पॅनिश वाक्प्रचार आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर

कोणत्याही भाषेतील वाक्प्रचार हा तिचा सर्वांत घरगुती भाग होय. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, वाक्याची घडण व्याकरण सांगते. पण चार साधे शब्द एकत्र येऊन पाचवाच अर्थ का सांगू लागतात, याचे उत्तर त्या भाषेच्या स्वयंपाकघरात, बाजारात, रणांगणावर आणि देवळात शोधावे लागते. म्हणूनच परकी भाषा उत्तम शिकलेला मनुष्यही वाक्प्रचारापाशी अडखळतो, आणि म्हणूनच भाषांतरकाराची खरी परीक्षा तेथे होते.

स्पॅनिश वाक्प्रचारांचे इंग्रजीत काय होते, हा प्रश्न वरवर पाहता दोन परक्या भाषांमधला आहे. तथापि सर्व्हांटिसपासून गार्सिया मार्केसपर्यंतचे स्पॅनिश वाङ्मय भारतीय भाषांतील वाचकाला बहुधा इंग्रजीतूनच भेटत आले आहे. मराठी, बंगाली किंवा कन्नड भाषांतरकार पुष्कळदा इंग्रजी प्रत समोर ठेवून काम करतो. इंग्रज भाषांतरकाराने केलेली निवड अशा वेळी आपल्याकडे मूळ लेखकाची म्हणून येते. तेव्हा ती निवड कोणत्या कसोटीवर झाली, हे जाणून घेण्यात आपला प्रत्यक्ष हितसंबंध आहे.

१

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचे एक अंग फार पूर्वी ओळखले होते. मम्मटाने लक्षणेचे रूढिमूल आणि प्रयोजनमूल असे दोन भेद केले, आणि रूढीचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला. कुश नावाचे गवत हाताला इजा न होता खुडणारा तो कुशल. पण एखाद्याला कुशल म्हणताना ते गवत कोणाच्याही मनात येत नाही. मूळ चित्र निजलेले असते आणि अर्थ तेवढा जागा असतो. ‘पोबारा करणे’ म्हणताना सोंगट्यांच्या खेळातले फासे कोणा मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतात?

वाक्प्रचार हा बव्हंशी अशा निजलेल्या चित्रांचाच साठा आहे. स्पॅनिशमध्ये थट्टेने बनवण्याला ‘तोमार एल पेलो’, म्हणजे शब्दशः ‘केस घेणे’, असे म्हणतात. बोलणाऱ्याला केस दिसत नाहीत, ऐकणाऱ्यालाही नाहीत. सशाच्या नावाखाली मांजर खपवणे, ‘दार गातो पोर लिएब्रे’, हा प्रयोग फसवणुकीविषयी आहे. जुन्या खाणावळींतील संशयास्पद रश्श्यातून तो आला असे म्हणतात; पण कापड किंवा घोडा घेताना फसलेला मनुष्यही तोच वापरतो, आणि तेथे मांजरही नसते व ससाही नसतो.

परंतु निजलेले चित्र म्हणजे मेलेले चित्र नव्हे. बोलणाऱ्याच्या किंवा लेखकाच्या मनात आले की ते जागे करता येते. ज्याची थट्टा चालली आहे तो मनुष्य टकला असेल, तर ‘याचे केस कोण घेणार!’ एवढे म्हणताच तो निजलेला प्रयोग खडबडून उठतो. म्हणून भाषांतरकाराने प्रत्येक ठिकाणी प्रथम एकच प्रश्न विचारावयास हवा : येथे चित्र निजलेले आहे की जागे? निजलेले असेल तर ते सोडून अर्थ घ्यावा; जागे असेल तर चित्र सोडणे म्हणजे वाक्यच सोडणे होय. पुढील विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

२

त्याआधी वाक्प्रचार ओळखण्याची पायरी येते. न उमगलेला वाक्प्रचार दोन रूपांत फसवतो. एक, तो शब्दशः घेतला तर निरर्थक ठरतो. ही फसवणूक त्यातल्या त्यात निरुपद्रवी, कारण निरर्थकता लक्षात येते. दुसरी अधिक घातक : शब्दशः अर्थही लागतो, पण तो चुकीचा असतो.

स्पॅनिशमध्ये यासाठी एक व्याकरणिक खूण उपयोगी पडते. ज्याला मागे कोणतेही नाम नाही असे ‘ला’ किंवा ‘लास’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम वाक्यात आले, तर तेथे बहुधा वाक्प्रचार असतो. पळ काढण्याला ‘तोमार लास दे व्हिल्यादिएगो’, म्हणजे ‘व्हिल्यादिएगोच्या त्या घेणे’ असे म्हणतात. व्हिल्यादिएगो हे बुर्गोस प्रांतातील गाव. ‘त्या’ म्हणजे तुमानी. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या ‘ला सेलेस्तिना’ या ग्रंथात तुमानींचा उल्लेख आढळतो. पुढे तुमानी गळाल्या आणि सर्वनाम तेवढे उरले. त्या गावाचा पळण्याशी संबंध कसा जडला, याविषयी कोशकारांत एकमत नाही. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. ‘त्याची चांगली जिरली’ या वाक्यात काय जिरले? नाम नाही, स्त्रीलिंगी क्रियापद तेवढे आहे. परकीयाने तेथे नाम शोधीत बसणे जितके व्यर्थ, तितकेच व्हिल्यादिएगोच्या वाक्यातही.

दुसरी फसवणूक साम्यातून होते. स्पॅनिशमध्ये एखाद्याच्या जिभेवर केस नाहीत असे म्हटले, तर तो भीडभाड न ठेवता स्पष्ट बोलतो असा अर्थ होतो, आणि त्यात बहुधा कौतुक असते. मराठीत जिभेला हाड नाही असे म्हणतात, तेव्हा तो मनुष्य वाटेल ते बरळतो असा ठपका असतो. दोन्हीकडे जीभ आहे आणि दोन्हीकडे तिच्यावर काहीतरी नाही. पण एक स्तुती आहे व दुसरी निंदा. इंग्रजीत हाच अर्थ ‘शब्दांचे बारीक तुकडे न करणे’ अशा प्रयोगाने सांगतात. जीभ तेथे नाहीच, पण अर्थ नेमका उतरतो. चित्राचे साम्य हे अर्थाच्या साम्याचे प्रमाण मानता येत नाही, एवढा धडा या तीन प्रयोगांतून मिळतो.

३

स्पॅनिश वाक्प्रचारांच्या इंग्रजी भाषांतराचा इतिहास बव्हंशी एकाच ग्रंथाच्या भाषांतरांत पाहावयास मिळतो. सर्व्हांटिसच्या ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये व दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टॉमस शेल्टनने पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर १६१२ मध्येच छापले. दुसरा भाग १६२० मध्ये आला. पुढे १७०० मध्ये पीटर मोत्यूने अनेकांच्या हातांनी झालेले भाषांतर प्रसिद्ध केले. १७४२ मध्ये जार्व्हिस, १७५५ मध्ये स्मॉलेट, १८८५ मध्ये ऑर्म्सबी, १९४९ मध्ये पट्नम, १९५० मध्ये कोहेन आणि २००३ मध्ये एडिथ ग्रॉसमन, अशी ही परंपरा चालत आली आहे.

या परंपरेत दोन टोके स्पष्ट दिसतात. शेल्टन मूळ शब्दाला इतका चिकटतो, की कित्येकदा इंग्रजी वाक्याखाली स्पॅनिश वाक्य पारदर्शक पडद्यातून दिसावे तसे दिसते. एकाच शब्दाला सर्वत्र एकच प्रतिशब्द पुरत नाही, हे भान तो नेहमी ठेवीत नाही. मोत्यूचे टोक विरुद्ध. त्याला वाचक हसलेला पाहिजे. म्हणून ला मांचाचे शेतकरी त्याच्या पानांवर लंडनच्या बाजारातली थट्टा करू लागतात. ऑर्म्सबीने आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत या लंडनी मुलाम्यावर कडक आक्षेप घेतला, आणि सर्व्हांटिसचा विनोद गंभीर चेहऱ्याने सांगितलेला आहे, तो गंभीर चेहऱ्यानेच उतरला पाहिजे, अशी भूमिका मांडली.

‘शब्दशः की स्वैर’ या जुन्या वादात मात्र या दोघांनाही न्याय मिळत नाही. शेल्टन निजलेली चित्रेही उठवून बसवतो, त्यामुळे साधा बोलणारा विचित्र बोलतो असे वाटते. मोत्यूच्या पद्धतीत जागी चित्रेही झोपी जातात. प्रश्न पद्धतीचा नसून स्थळाचा आहे. एकच उदाहरण पुरे होईल.

उगाच नसत्या अडचणी काढण्याला स्पॅनिशमध्ये मांजराचे तीन पाय शोधणे असे म्हणतात. गंमत अशी, की १६११ च्या आपल्या कोशात कोबार्रुबियासने पाच पाय नोंदवले आहेत, आणि शेपटीलाच पाय ठरवू पाहणाऱ्या वितंडवाद्यावरून हा प्रयोग आला असे सांगितले आहे. पाचवा पाय शोधणे अर्थपूर्ण आहे. चार पायांच्या प्राण्याचे तीन पाय शोधायला श्रम ते कसले? तरीही तीनच पाय रूढ झाले. चित्र इतके गाढ निजले होते, की कोणी पाय मोजलेच नाहीत.

सर्व्हांटिसच्या पहिल्या भागातील बाविसाव्या प्रकरणात दोन किहोते गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा झालेल्या कैद्यांना सोडा म्हणून पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला सांगतो. अधिकारी उत्तरतो, की आपण आपली वाट धरावी आणि मांजराचे तीन पाय शोधू नयेत. येथपर्यंत चित्र निजलेलेच आहे. पण दोन किहोतेचा संताप शब्दांनाच पकडतो. तो अधिकाऱ्यालाच मांजर ठरवतो, त्याला जोडून उंदीर ठरवतो आणि वर लुच्चा म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘गातो’ आणि ‘रातो’ यांचे यमक जुळते. शिवाय चोरांच्या बोलीत ‘गातो’ म्हणजे चोर. अधिकाऱ्याच्या वाक्याचे ‘केसांचे तुकडे करू नका’ अशा अर्थाच्या इंग्रजी प्रयोगाने भाषांतर केले, तर त्या वाक्यापुरते ते निर्दोष ठरेल. परंतु पुढच्याच वाक्यातले मांजर आकाशातून पडेल, आणि दोन किहोते खरोखरीच भ्रमिष्ट वाटेल. मुळात तो त्या क्षणी भ्रमिष्ट नाही, हजरजबाबी आहे. एका वाक्प्रचारावर एका पात्राची बुद्धी अवलंबून असते, ती अशी.

त्याच उत्तरात आणखी एक गोष्ट आहे. अधिकारी त्याला आदरार्थी बोलतो. दोन किहोते मात्र त्या काळी हलक्या माणसासाठी वापरले जाणारे ‘व्होस’ हे सर्वनाम त्याच्या तोंडावर फेकतो. शेल्टनच्या काळच्या इंग्रजीत एकेरी सर्वनाम जिवंत होते. आजच्या इंग्रजीत ते उरले नाही, त्यामुळे दोघेही एकमेकांना एकाच सर्वनामाने संबोधतात. मराठीत ‘आपण’ आणि ‘तू’ हे दोन्ही हाताशी आहेत. ज्या छटेसाठी इंग्रजी असमर्थ आहे ती मराठी सहज देऊ शकते. पण इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याला ती छटा तेथे होती हे कळणार कसे?

४

म्हणींचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. स्पेनमध्ये म्हणी जमविण्याची परंपरा जुनी आहे. सांतिल्यानाच्या मार्केसच्या नावावर असलेला, म्हाताऱ्या चुलीपाशी बसून सांगतात त्या म्हणींचा संग्रह १५०८ मध्ये छापला गेला. सालामांका विद्यापीठातील गोन्सालो कोर्रेआसने १६२७ च्या सुमारास केलेला प्रचंड संग्रह तर १९०६ पर्यंत अप्रकाशित राहिला. सांचो पान्सा या चुलीपाशीच वाढलेला आहे. दुसऱ्या भागात तो बेटाचा सुभेदार होण्यापूर्वी दोन किहोते त्याला म्हणींची माळ न लावण्याबद्दल बजावतो, आणि ते ऐकता ऐकताच सांचो आणखी म्हणी ओततो. यातील विनोद म्हणींच्या अर्थात नाही. त्या प्रसंगाला धड लागू पडत नाहीत, यात आहे. भाषांतरकाराने प्रत्येकीला प्रसंगास शोभेल अशी इंग्रजी म्हण जोडून दिली, तर सांचो अकस्मात समंजस वक्ता होतो आणि धन्याची चीड निराधार ठरते.

म्हणी एकमेकींना उत्तरेही देतात. जो पहाटे उठतो त्याला देव साहाय्य करतो, ‘आल के माद्रुगा, दिओस ले आयुदा’, ही म्हण सर्वश्रुत आहे. तिचे इंग्रजी प्रतिरूप म्हणून लवकर उठणाऱ्या पक्ष्याला किडा मिळतो ही म्हण नेहमी देतात. देवाच्या जागी किडा आला, हा फरक तूर्त बाजूला ठेवू. पण स्पॅनिशमध्ये पहिल्या म्हणीला दुसरी उत्तर देते : कितीही पहाटे उठलास म्हणून काही लवकर उजाडत नाही. दोन पात्रे ही देवघेव करू लागली, तर किड्याला पहाटेचे उत्तर कसे मिळणार? मराठी भाषांतरकाराला येथे ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ या म्हणीचा मोह पडेल. तोही टाळला पाहिजे, कारण तिचा रोख सत्य दडपू पाहणाऱ्यावर आहे, घाई करणाऱ्यावर नाही.

५

काही वाक्प्रचारांत चित्र नसून इतिहास निजलेला असतो. ‘नो से गानो थामोरा एन उना ओरा’, थामोरा एका तासात जिंकले गेले नाही, ही म्हण १०७२ सालच्या वेढ्याची आठवण आहे. कास्तीलचा राजा दुसरा सांचो याने बहीण उर्राका हिच्या ताब्यातील हे शहर वेढले. वेढा सुमारे सात महिने चालला, राजा तटाबाहेर मारला गेला आणि वेढा उठला. म्हणजे एका तासात काय, त्या खेपेस थामोरा जिंकले गेलेच नाही. इंग्रजीत येथे रोम एका दिवसात बांधले गेले नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. सामान्य संभाषणात तो पुरेसा आहे. पण सर्व्हांटिसच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस सांचोच्या फटक्यांची दया येऊन खुद्द दोन किहोते ही म्हण उच्चारतो. थामोराच्या वेढ्याचे पोवाडे स्पेनमध्ये शतकानुशतके गाइले जात होते, आणि वीरकथांनी ज्याचे डोके फिरले त्याच्या तोंडी ही म्हण आली आहे. येथे रोम आणले तर म्हण उरते, माणूस हरवतो. यमक मात्र दोन्हीकडून जाते. त्याला इलाज नाही.

वेळ टळून गेल्यावर आलेल्या मदतीला स्पॅनिश मनुष्य ‘बऱ्या वेळी आलात, हिरव्या बाह्या!’ असे म्हणतो. इसाबेला राणीच्या कारकीर्दीत १४७६ मध्ये संघटित झालेल्या सांता एर्मांदाद या रस्त्यावरच्या पोलिसदलाच्या गणवेषाच्या बाह्या हिरव्या होत्या, आणि गुन्हेगार पसार झाल्यावरच ते शिपाई पोहोचत, अशी या प्रयोगाची परंपरागत व्युत्पत्ती आहे. घोडा चोरीला गेल्यावर तबेल्याला कुलूप लावणे हा इंग्रजी प्रयोग याला पर्याय म्हणून सुचवतात. आपल्या ‘बैल गेला आणि झोपा केला’ याचा तो सख्खा भाऊ आहे. पण या दोन्हींत हसे होते ते स्वतः गाफील राहिलेल्या मालकाचे. हिरव्या बाह्यांत हसे होते ते उशिरा उगवलेल्या सरकारचे. आपले ‘वरातीमागून घोडे’ या दृष्टीने मुळाला अधिक जवळ आहे, आणि तबेल्याच्या कुलपावरून ते कोणालाही सुचणार नाही.

याच जातीचे आणखी एक उदाहरण ‘मास से पेर्दियो एन कुबा’, याहून अधिक क्यूबात गमावले, हे होय. १८९८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपीन्स गमावले. आज भांडे फुटले किंवा सामना हरला, की सांत्वनासाठी हे वाक्य म्हणतात. समुद्रावर याहून वाईट प्रसंग घडतात, असा इंग्रजी पर्याय आहे. त्याचा सूर बरोबर जुळतो, पण समुद्र सर्वांचा असतो. क्यूबा एकाच राष्ट्राचा गेला होता. १७६१ चे पानिपत ज्यांच्या बोलण्यात अजून ‘पानिपत होणे’ म्हणून वावरते, त्या मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागू नये. मराठीतील पानिपताचे इंग्रजी करताना वॉटर्लू हा शब्द सहज सुचतो. पण १८१५ ची वॉटर्लूची लढाई इंग्रजांनी जिंकली होती. इंग्रजी बोलणारा ते नाव घेतो तेव्हा त्याच्या मागे दुसऱ्याचा पराभव असतो. मराठी माणूस पानिपत म्हणतो तेव्हा स्वतःचा. शब्दांचे माप जुळले तरी त्यांमागचे दुःख निराळे आहे.

६

शेवटी काही एकाकी शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. ‘एस्त्रेनार’ म्हणजे एखादी नवी वस्तू प्रथमच वापरणे. इंग्रजीत यासाठी एक क्रियापद नाही. ‘पहिल्यांदाच अंगावर घातले’ असे लांबण लावावे लागते. मराठी भाषांतरकार ते लांबण इमानाने उतरवतो, आणि वस्त्राच्या बाबतीत आपल्याकडे ‘घडी मोडणे’ हा नेमका प्रयोग आहे, हे त्याला आठवण्याचे कारणच पडत नाही. ‘माद्रुगादा’ म्हणजे मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतचा काळ. इंग्रजीत त्याच्या दोन वाजण्याला ‘सकाळचे दोन’ म्हणतात, आणि तेथून ‘सकाळी दोन वाजता’ असे मराठीत उतरते. उत्तररात्र हा आपला शब्द बाजूलाच राहतो. आणि आरंभी दिलेला केस घेण्याचा प्रयोग? इंग्रजीत त्याचा पाय ओढण्याचा प्रयोग होतो. तो तसाच मराठीत आला, की निरुपद्रवी थट्टा करणारा मित्र दुसऱ्याची प्रगती रोखणारा मत्सरी ठरतो. मूळ लेखकाने काही चुकीचे लिहिले नाही, इंग्रज भाषांतरकारानेही नाही. तरी वाचकाच्या हाती चुकीचा मनुष्य आला.

यावर उपाय मूळ भाषा शिकणे हाच होय, हे निर्विवाद आहे. परंतु ते साधेपर्यंत एक व्यवहार्य मार्ग उपलब्ध आहे. एकाच ग्रंथाची दोन भिन्न वृत्तींची इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवावी; एक शब्दाला धरून चालणारे, दुसरे प्रवाहीपणाला. जेथे दोन्ही एकसारखी चालतात तेथे वाट बहुधा सरळ असते. जेथे एकात मांजर आहे आणि दुसऱ्यात केस आहेत, एकात थामोरा आहे आणि दुसऱ्यात रोम, तेथे खाली वाक्प्रचार आहे असे समजून थांबावे, स्पॅनिश कोश उघडावा, आणि मागचीपुढची दोन वाक्ये वाचून ते चित्र निजलेले आहे की जागे, हे ठरवावे. स्पॅनिश अकादमीची स्थापना १७१३ मध्ये झाली व तिच्या पहिल्या कोशाचे सहा खंड १७२६ ते १७३९ या काळात निघाले. त्यांत वाक्प्रचारांना मानाचे स्थान दिलेले आहे. ही शिदोरी कोणालाही उपलब्ध आहे. इंग्रजी हा आपल्यासाठी स्पेनकडे जाणारा पूल आहे. पुलावरून जाताना नदी दिसते. परंतु पुलालाच पैलतीर समजण्याची चूक होऊ नये.